जुन्या छपरांवरील अ‍ॅस्बेस्टॉस

दगडाचें सूत काढतां येतें असें कोणी सांगितलें तर आमचे विद्यार्थी त्यास थट्टा समजतील. परंतु सृष्टींत असा एक खनिज पदार्थ खरोखरच आहे, कीं जो खाणींतून दगड म्हणून निघतो आणि बोटांनीं उकलूं लागतांच रेशमासारख्या तंतूंत सुटत जातो. त्याचें सूत निघतें, सुताचें वस्त्र विणतां येतें, आणि तें वस्त्र विस्तवांत टाकलें तरी जळत नाहीं. ग्रीक भाषेंतील 'अ‍ॅस्बेस्टॉस' ह्या शब्दाचा अर्थ 'न विझणारा' असा आहे. अथेन्स येथील देवीच्या मंदिरांत जो दिवा अखंड तेवत असे त्याची वात अशाच न जळणाऱ्या तंतूंची होती, असें पॉसेनियस नांवाच्या प्राचीन ग्रीक प्रवाशानें लिहून ठेविलें आहे. युरोपांत पुष्कळ काळ अशी समजूत होती कीं, हें वस्त्र सॅलमँडर नामक आगींत राहणाऱ्या प्राण्यापासून मिळतें. तेराव्या शतकांत चीनपर्यंत जाऊन आलेल्या मार्को पोलोनें ही भाकडकथा असून हा पदार्थ डोंगरांतून खणून काढतात, असें स्वच्छ सांगितलें. शतकानुशतकें हा दगड म्हणजे एक नवल होतें. चार पाहुण्यांस दाखवावें, ह्यापलीकडे त्याचा फारसा उपयोग नव्हता.

ही नवलाची वस्तु नित्याची झाली ती वाफेच्या यंत्रांमुळें. बाष्पकांतील उष्णता बाहेर जाऊं नये, नळ्यांस हात लागून कोणी भाजूं नये, म्हणून त्यांवर न जळणारें असें कांहींतरी लपेटणें अवश्य होतें, आणि त्या कामास अ‍ॅस्बेस्टॉससारखा दुसरा पदार्थ नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून जगभरच्या गिरण्या, आगबोटी व आगगाडीचीं इंजिनें ह्यांच्या बाष्पकांवर ह्याचेंच वेष्टण चढूं लागलें. आमच्या मोडनिंबच्या स्टेशनावरून पूर्वीं अडीच फुटी रुळांची बार्शी लाईट पंढरपुरास जात असे; तशा वाफेच्या गाड्यांचा जो काळ तोच अ‍ॅस्बेस्टॉसच्या भरभराटीचा काळ. पुढें मोटारींच्या ब्रेकांत, नाटकगृहांच्या आग रोखणाऱ्या पडद्यांत, इतकेंच काय, शाळांच्या प्रयोगशाळांतहि त्याचा शिरकाव झाला. बर्नरवर ठेवावयाच्या तारेच्या जाळीच्या मधोमध जो पांढरा गोल असतो तो विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. नव्या जाळ्यांवरील गोल चिनी मातीच्या जातीचा असतो, परंतु जुन्या जाळ्यांवरील गोल अ‍ॅस्बेस्टॉसचा असे. किती पिढ्यांनीं तो नखानें खरवडला असेल, कोण जाणे!

आपल्या डोक्यावर मात्र हा पदार्थ आला तो निराळ्या वाटेनें. लुडविग हाचेक ह्या ऑस्ट्रियन कारखानदारानें सिमेंटच्या राड्यांत अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतु मिसळून त्याचे पातळ पण चिवट पत्रे करण्याची युक्ति काढली, व १९०१ सालीं तिचें पेटंट घेतलें. माती वाळून भेगाळूं नये म्हणून आपले लोक भिंतीच्या चिखलांत काड व भूस मिसळीत आले आहेत, तत्त्व तेंच. हाचेकनें आपल्या मालास 'एटर्निट' असें नांव दिलें, तें लॅटिन भाषेंत 'शाश्वत' ह्या अर्थाचा जो शब्द आहे त्यावरून. नांव अन्वर्थक ठरलें, फक्त पत्र्यापेक्षां आंतील तंतु अधिक शाश्वत निघाले. आपल्या देशांत ह्या पत्र्यांचा कारखाना १९३४ सालीं, आजच्या मध्य प्रदेशांतील कटनीजवळ, कैमोर येथें निघाला, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत मुंबईजवळ मुलुंड येथेंहि निघाला.

माढें तालुक्यांतील जुनीं घरें माळवदाचीं. जाड भिंती, वर लांकडी तुळया, त्यांवर मातीचा थर. असें घर वैशाखांतहि थंड राहतें हें खरें, परंतु दर पावसाळ्यापूर्वीं माळवदावर माती टाकून ती चोपावी लागते, आणि इतकें करूनहि मृगाच्या पावसांत कोठें ना कोठें ठिबकतेंच. शाळा, गोदामें, पिठाच्या गिरण्या, आडतीचीं दुकानें व गोठे ह्यांस माळवद परवडण्यासारखें नव्हतें. लोखंडी पत्रा गंजतो, उन्हाळ्यांत तव्यासारखा तापतो, आणि पावसांत त्याचा असा ताशा वाजतो कीं शिक्षकाचा आवाज पहिल्या बाकापलीकडे जात नाहीं. सिमेंटचा पत्रा ह्या तिन्ही बाबतींत सरस होता, शिवाय स्वस्त होता. तेव्हां ज्यांनीं तो बसविला त्यांनीं मूर्खपणा केला असें आम्ही म्हणणार नाहीं. त्यांनीं आपापल्या ऐपतीप्रमाणें मुलांच्या डोक्यावर छाया केली.

आतां धोका कोठें आहे तें पाहूं. अशा पत्र्यांत वजनाच्या शंभर भागांपैकीं साधारण दहा भाग अ‍ॅस्बेस्टॉस व बाकीचें बहुतेक सिमेंट असतें. सिमेंटनें तंतूंस घट्ट धरून ठेविलेलें असतें. पत्रा फुटला, करवतीनें कापला, त्यास भोंक पाडलें, तो घासला, किंवा अनेक वर्षांच्या ऊनपावसानें त्याचा वरचा थर झिजला, म्हणजे हे तंतु मोकळे होतात. ह्या तंतूंचा एक विलक्षण गुण असा कीं, ते उभे चिरत जातात. कापसाचा धागा कातरला तर आंखूड होतो. हा मात्र बारीक होतो, आणि पुन्हां चिरला तर आणखी बारीक होतो. शेवटीं तो माणसाच्या केसाच्या शेंकडों पट बारीक होऊं शकतो. मग तो डोळ्यांस दिसत नाहीं, त्यास वास नाहीं, चव नाहीं, आणि बंद खोलींतील हवेंत तो तासच्या तास, प्रसंगीं दिवसच्या दिवस, तरंगत राहतो. मिरचीची पूड उडाली तर ठसका लागून माणूस दूर पळतो. येथें पळावयास सांगणारें कोणी नसतें.

आपल्या नाकांतील केस व श्वासनलिकेंतील चिकटा हे पहारेकरी ढोबळ धूळ अडवितात. हे सुईसारखे तंतु त्यांस चुकवून श्वासाच्या ओघांत थेट फुप्फुसांतील सर्वांत लहान वायुकोशांपर्यंत पोंचतात. तेथें धूळ व जंतु गिळून टाकणाऱ्या रक्षक पेशी असतात. परंतु लांब तंतु हा पेशीपेक्षांहि लांब भरतो. बेडकानें काठी गिळूं लागावें तशी तिची अवस्था होते; तंतु गिळला जात नाहीं, पेशी मात्र मरते, आणि मरतांना आंतील जहाल रस आसपास सोडून जाते. मग दुसरी पेशी येते, तिचीहि तीच गत. तंतु विरघळत नाहीं, कुजत नाहीं, सहजीं बाहेरहि पडत नाहीं. असा हा झगडा वर्षानुवर्षें चालतो, आणि स्पंजासारखें मऊ असावयाचें फुप्फुस जुन्या जखमेच्या वणाप्रमाणें टणक होत जातें. ह्या रोगास अ‍ॅस्बेस्टोसिस म्हणतात. रोग्यास प्रथम चढण चढतांना दम लागतो, मग सपाटीवर लागतो, आणि अखेरीस अंथरुणावर पडल्यापडल्याहि लागतो. गेलेलें फुप्फुस परत मिळवून देणारें औषध नाहीं.

ह्याखेरीज फुप्फुसाचा कर्करोग ह्या तंतूंनीं होतो, कंठाचा होतो, स्त्रियांच्या अंडाशयाचाहि होतो. आणि मेसोथेलिओमा नांवाचा एक कर्करोग आहे, तो फुप्फुसांवर किंवा पोटाच्या आंत जें पातळ आवरण असतें त्याचा होय. हा रोग एरवीं इतका विरळा, कीं तो दिसतांच डॉक्टर प्रथम हेंच विचारतात, 'तुमचा अ‍ॅस्बेस्टॉसशीं कधीं संबंध आला होता काय?' हे सर्व रोग तंतु शरीरांत गेल्यावर लागलीच होत नाहींत. मध्यें बहुधा वीस ते चाळीस वर्षें, कधीं त्याहूनहि अधिक काळ जातो. आज पांचवीच्या वर्गांत बसलेला मुलगा आपल्या मुलीच्या लग्नाची तयारी करीत असेल, तेव्हां आजच्या धुळीचा हिशेब पुढें येईल. म्हाताऱ्या माणसापेक्षां लहान मुलाची काळजी अधिक करावयाची ती ह्याकरितां. त्याच्यापुढें आयुष्य पुष्कळ आहे आणि म्हणून रोगास सवडहि पुष्कळ आहे.

हें सर्व जगास केव्हां कळलें, हा प्रश्न कोणाच्याहि मनांत येईल. इंग्लंडांतील रॉचडेल हें आमच्या सोलापुरासारखेंच सूतगिरण्यांचें गांव. कापूस कांतण्याच्या यंत्रांत फेरफार करून तेथें अ‍ॅस्बेस्टॉसहि कांतूं लागले. त्या कामावरील नेली केरशॉ नांवाची स्त्री १९२४ सालीं वयाच्या तेहतिसाव्या वर्षीं मरण पावली. तिच्या फुप्फुसांत तंतु व त्यांनीं झालेले व्रण सांपडल्याचें डॉक्टर विल्यम कुक ह्यांनीं त्याच वर्षीं ब्रिटिश मेडिकल जर्नल ह्या नियतकालिकांत प्रसिद्ध केलें, आणि १९२७ सालीं ह्या रोगास अ‍ॅस्बेस्टोसिस हें नांव दिलें. पुढें सरकारी चौकशी झाली. डॉक्टर मेरवेदर व त्यांचे सहकारी प्राइस ह्यांनीं ३६३ कामगार तपासले, तों त्यांतील चौथ्या हिश्शाहून अधिक लोकांचीं फुप्फुसें बिघडलेलीं आढळलीं. त्यांचा अहवाल १९३० सालीं निघाला व १९३१ सालीं इंग्लंडांत ह्या धुळीविरुद्ध नियम झाले. इतिहासाच्या तासास आम्ही सनावळ्या पाठ करून घेतों म्हणून मुलें कुरकुरतात. सनावळ्यांचा उपयोग हा असा. नियम १९३१ चे, आणि आमच्या देशांतील पत्र्यांचा कारखाना १९३४ चा. म्हणजे आपल्याकडे पहिला पत्रा तयार होण्यापूर्वींच ह्या धुळीनें माणूस मरतो हें सरकारी अहवालांत छापलेलें होतें. छपराखालीं राहणारांपर्यंत तें पोंचण्यास पुढें किती काळ गेला ह्याचा हिशेब न केलेलाच बरा.

धोका कारखान्याच्या फाटकाबाहेरहि असतो हें पुढें सिद्ध झालें. दक्षिण आफ्रिकेंत डॉक्टर वॅग्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९६० सालीं मेसोथेलिओमाच्या ३३ रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांतील बहुतेकांचा संबंध तिकडील निळ्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणींच्या मुलुखाशीं होता, आणि कित्येक तर खाणींत कधीं कामास न गेलेले, केवळ लहानपणीं त्या परिसरांत वाढलेले होते. १९६५ सालीं लंडन येथील अशाच एका पाहणींत कारखान्याच्या आसपास राहिलेले लोक सांपडले. तशाच, कामावरून आलेल्या माणसाचे धुळकट कपडे धुणाऱ्या घरच्या स्त्रियाहि सांपडल्या. ज्या बाईनें कारखाना आंतून पाहिलाहि नव्हता, ती केवळ कपडे झटकून धुण्यानें ह्या रोगाची धनी झाली.

इतकें वाचून ज्यांच्या घरावर असे पत्रे आहेत त्यांनीं आज रात्रीं बाहेर अंगणांत निजावें असें आमचें म्हणणें नाहीं. ज्यांचे बळी अधिकांत अधिक गेले ते खाणकामगार, कारखान्यांतील कामगार, बाष्पकांस वेष्टण घालणारे व तें काढणारे, आणि जुन्या इमारती व जहाजें मोडणारे लोक होत. धड असलेल्या, न हलविलेल्या पत्र्याखालीं नुसतें बसण्यानें जो धोका आहे तो त्यांच्या मानानें फार थोडा. थोडा म्हणजे मुळींच नाहीं असें नव्हे. निर्धास्तपणें घ्यावी अशी ह्या धुळीची मात्रा शास्त्रज्ञांस अद्याप सांपडलेली नाहीं. पण विवेक करावयाचा तो येथें: पत्रा निमूट पडून असतांना शत्रु नव्हे, आपण त्यास छेडतों तेव्हां तो शत्रु होतो.

आणि आपण त्यास किती तऱ्हांनीं छेडतों! वळवाच्या वादळांत पत्रे उडून फुटतात. सकाळीं घरची लेक खराटा घेऊन तो चुरा कोरडाच लोटते. फुटके तुकडे बोळांतील चिखलांत भर म्हणून टाकतात, आणि त्यांवरून ट्रॅक्टर जातो. पंखा टांगावयास, दिव्याची तार न्यावयास, धुराचा नळ बाहेर काढावयास पत्र्यास भोंक पाडतात, आणि खालीं चुलीवर भात शिजत असतो. वरचें शेवाळ तारेच्या घासणीनें खरवडतात. मुलें त्या तुकड्यानें फरशीवर रेघा ओढतात, कारण तो खडूसारखा उमटतो. मुलींच्या खेळांतील ठिकरी म्हणून तर सिमेंटच्या पत्र्याचा तुकडा खापरापेक्षां पसंत केला जातो. तो चपटा असतो आणि नेमका जाऊन पडतो. आमच्या आवारांत अशा ठिकऱ्या आम्ही स्वतः वेंचल्या आहेत. मुलींनो, खापराची ठिकरी तितकी सफाईदार नसेल, परंतु खेळा तिनेंच.

ह्या वर्षीं ही चर्चा आम्ही वार्षिकांत आणली त्यास कारण आहे. आमच्या शाळेच्या सायकली ठेवण्याच्या पडवीवरील व भांडाराच्या खोलीवरील जुने सिमेंटचे पत्रे येत्या उन्हाळ्याच्या सुटींत काढावयाचें ठरलें आहे. ही बातमी गांवांत जातांच कित्येक पालकांनीं ते पत्रे गोठ्यासाठीं, न्हाणीघरासाठीं मागितले. कोणी अल्प किंमत देऊं केली, कोणी गरिबी सांगितली. त्या सर्वांस नाहीं म्हणावें लागलें, आणि 'मिशनवाले पत्रे फेकून देतील, पण गरिबास देणार नाहींत', असे शब्दहि आमच्या कानांवर आले. म्हणणाऱ्याचा राग आम्हांस कळतो. आमच्या भागांत वापरलेली वस्तु टाकणें म्हणजे माज समजतात, आणि एरवीं तें बरोबरच आहे. जुनें बाक, जुनी खिडकी, जुनी तुळई शाळेनें आजवर दिलीच आहे. परंतु हे पत्रे येथून काढतांना एकदां, गाडींत भरतांना दुसऱ्यांदां, गोठ्याच्या मापास कापतांना तिसऱ्यांदां, आणि खिळे ठोकतांना चौथ्यांदां धूळ सोडतील; आणि ही चौथी वेळ तुमच्या घरच्या दाराशीं, तुमच्या लेकरांच्या अंगावर येईल. जी वस्तु आमच्या मुलांच्या डोक्यावर नको, ती त्याच मुलांच्या घरीं पाठविणें ह्यास दान म्हणतां यावयाचें नाहीं.

जे शास्त्रपाठ करतात त्यांस लेवीय पुस्तकाचा चौदावा अध्याय आठवेल. घराच्या भिंतीवर चट्टा पडला तर याजकानें घर रिकामें करवावें, सात दिवस बंद ठेवावें, चट्टा पसरला असल्यास ते दगड काढवून नगराबाहेर अशुद्ध जागीं टाकवावे, आणि भिंती खरवडून निघालेला चुराहि तेथेंच नेऊन टाकावा, असा तेथें नियम आहे. त्या चट्ट्याचा आणि अ‍ॅस्बेस्टॉसचा कांहीं संबंध नाहीं, हें सांगावयास नकोच. परंतु घरासहि दुखणें जडूं शकतें, आणि दुखणाईत घराचा दगड शेजाऱ्याच्या भिंतींत बसवूं नये, एवढी समज त्या प्राचीन लोकांस होती. नगराबाहेरची अशुद्ध जागा आजहि लागतेच. आपल्या देशाच्या २०१६ सालच्या नियमांत अ‍ॅस्बेस्टॉसचा टाकाऊ माल धोकादायक कचऱ्यांत गणला आहे. अशा कचऱ्याची विल्हेवाट लावणारें केंद्र पुणें जिल्ह्यांत रांजणगांव येथें आहे. शाळेचे पत्रे तिकडे पाठविण्याचा बेत आहे. ह्यास खर्च येतो, आणि गोठ्याच्या धन्यास तो झेपणार नाहीं हें आम्ही जाणतों. ग्रामपंचायतीनें गांवांतील असे पत्रे एकत्र करून एका फेरींत पाठविले तर तो पुष्कळ उतरेल, असें आम्हांस वाटतें.

तोंपर्यंत घरोघरीं काय करावें? धड पत्रा असेल तर त्यास हात लावूं नये. आवश्यक वाटल्यास वरून रंगाचा हात द्यावा, मात्र आधीं खरवडूं नये. पत्रा फुटलाच, तर मुलांस दूर पाठवून त्यावर हलक्या हातानें पाणी शिंपडावें, इतकें कीं धूळ उठूं नये. पाण्यांत थोडा साबण घातल्यास तें अधिक मुरतें. जोराची पिचकारी मारूं नये, तिनें तंतु उलट उधळतात. ओले तुकडे हातानें उचलून जाड प्लास्टिकच्या दुहेरी पिशवींत बांधावे. खराटा, केरसुणी, पंखा ह्यांपैकीं कांहीं वापरूं नये. जागा ओल्या फडक्यानें पुसावी व तें फडकेंहि त्याच पिशवींत टाकावें. सबंध पत्रा काढावयाचा असेल तर हूक सोडवून, पत्रा न तोडतां, दोघांनीं धरून खालीं घ्यावा. वरून भिरकावूं नये, विजेच्या करवतीस तर जवळपास आणूं नये. तोंडास रुमाल किंवा २०२० सालच्या सांथींत वापरलेला कापडी मुखवटा बांधून भागत नाहीं. ह्या तंतूंस कापडाचीं छिद्रें म्हणजे राजमार्ग. औद्योगिक धुळीसाठींचा, चेहऱ्यास घट्ट बसणारा मुखवटाच लागतो. कामाचे कपडे झटकूं नयेत, घरच्या कपड्यांत मिसळूं नयेत, पाण्यांत भिजवून निराळे धुवावे. पुष्कळ पत्रे असतील तर हें घरच्या माणसांचें काम नव्हेच, जाणत्या माणसांस बोलवावें. आणि छपरावर चढणारानें आणखी एक ध्यानांत धरावें: जुना सिमेंटचा पत्रा दिसावयास दगडासारखा, पण माणसाच्या वजनानें एकाएकीं फुटतो. रोग चाळीस वर्षांनीं येईल, पडणें त्याच क्षणीं.

पत्रा अ‍ॅस्बेस्टॉसचा आहे कीं नाहीं हें डोळ्यांनीं ओळखतां येत नाहीं. त्यास सूक्ष्मदर्शकाखालील तपासणी लागते. हल्लीं दुसरे तंतु घातलेले सिमेंटचे पत्रेहि निघतात. परंतु जुना, करडा, नागमोडी सिमेंटचा पत्रा असेल तर तो अ‍ॅस्बेस्टॉसचाच असें धरून चालावें. लोखंडाच्या रंगीत पत्र्यांत हा दोष नाहीं. त्यांत उष्मा फार होतो; त्यावर पांढरा रंग, खालून तक्तपोशी, किंवा ऐपत असल्यास कौलें अथवा स्लॅब हे उपाय आहेत. आमच्या पडवीवर लोखंडी पत्रे येणार आहेत. पावसांत ताशा वाजेल, पण सायकलींस त्याचा उपद्रव होण्याचें कारण नाहीं.

वाचक विचारतील, हा पदार्थ इतका वाईट, तर दुकानांत अजून मिळतो कसा? आइसलंडनें १९८३ सालींच तो बंद केला. युरोपीय संघानें २००५ पासून सर्वत्र बंदी केली, जपान, ऑस्ट्रेलिया, दक्षिण कोरिया ह्या देशांनींहि केली. जो कॅनडा शंभर वर्षांहून अधिक काळ हा दगड खणून जगास विकीत आला, त्यानेंहि २०१८ सालीं त्याचा वापर व व्यापार निषिद्ध केला. आपल्या देशांत १९८६ सालापासून ह्याच्या खाणींस नवे पट्टे देणें थांबलें व १९९३ पासून जुन्यांचें नूतनीकरणहि थांबलें. परंतु पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसची परदेशांतून आयात होते आणि पत्रे तयार होतात. पांढरी जात निरुपद्रवी आहे, काळजीपूर्वक वापरली तर अपाय नाहीं, असें कारखानदारांचें म्हणणें असतें. जागतिक आरोग्य संघटनेचें मत असें कीं, अ‍ॅस्बेस्टॉसची प्रत्येक जात, पांढरीसुद्धां, कर्करोग उत्पन्न करते. आमच्या मतें 'काळजीपूर्वक वापर' हे शब्द ज्यांनीं लिहिले त्यांनीं वळवाच्या वादळानंतरचा गांव पाहिलेला नसावा. केरळ राज्याच्या मानवी हक्क आयोगानें २००९ सालीं शाळांवरील असे पत्रे बदलण्याची शिफारस केली, ती आम्हांस योग्य वाटते.

एक गोष्ट ह्या मासिकाच्या वडील वाचकांसाठीं. ह्या जिल्ह्यांतून पोटासाठीं मुंबईस गेलेलीं माणसें थोडीं नाहींत. कोणी गिरणींत बाष्पकावर होते, कोणी पत्र्यांच्या किंवा ब्रेकांच्या कारखान्यांत, कोणी जुन्या इमारती पाडण्यावर, कोणी गोदींत जहाजें मोडण्यावर. निवृत्त होऊन ते गांवीं परतले आहेत, आणि दम लागूं लागला तर 'वय झालें' म्हणून गप्प बसतात. मुंबईंतील अ‍ॅस्बेस्टॉसच्या एका गिरणीच्या कामगारांची वैद्यकीय पाहणी २००५ सालीं प्रसिद्ध झाली. तींत तपासलेल्यांपैकीं साधारण पांचांत एकास अ‍ॅस्बेस्टोसिस आढळला. अहमदाबाद येथील ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्रानें केलेल्या अर्जावर आपल्या सर्वोच्च न्यायालयानें २७ जानेवारी १९९५ रोजीं असा निर्णय दिला कीं, कामगाराचें आरोग्य हा त्याच्या जीविताच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे. अ‍ॅस्बेस्टॉसच्या प्रत्येक कारखान्यानें कामगाराच्या प्रकृतीची नोंद त्याच्या नोकरीच्या प्रारंभापासून चाळीस वर्षें, किंवा नोकरी सुटल्यापासून पंधरा वर्षें, ह्यांपैकीं जी मुदत नंतर संपेल तोंपर्यंत जपावी, असेंहि त्यांत फर्माविलें आहे. चाळीस वर्षें कां, हें आतां विद्यार्थ्यांस सांगावयास नको.

तेव्हां आपल्या घरीं असे आजोबा किंवा चुलते असतील तर त्यांस सोलापुरास किंवा पंढरपुरास छातीच्या डॉक्टरांकडे न्यावें, आणि कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत कोणत्या खात्यांत काम केलें तें कागदावर लिहून बरोबर द्यावें. डॉक्टर आजचें दुखणें विचारतात, तीस वर्षांपूर्वींचें काम सांगितल्यावांचून त्यांस कळत नाहीं. हा रोग कायद्यानें धंद्यामुळें होणाऱ्या रोगांत धरलेला असल्यानें नुकसानभरपाईचा हक्कहि उत्पन्न होऊं शकतो. म्हणून नोकरीचें ओळखपत्र, पगाराची चिठ्ठी, विम्याचें कार्ड असें जें कांहीं ट्रंकेंत असेल तें रद्दींत घालूं नये. आणि ते विडी ओढीत असतील तर ती सोडवावी. अमेरिकेंतील वेष्टण-कामगारांविषयीं १९७९ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत असें दिसलें कीं, फुप्फुसाच्या कर्करोगानें मरण्याचा धोका नुसत्या अ‍ॅस्बेस्टॉसनें सुमारें पांचपट वाढतो, नुसत्या धूम्रपानानें सुमारें दहापट, आणि दोन्ही एकत्र आल्यास पन्नास पटींहून अधिक. आंत गेलेला तंतु काढतां येत नाहीं. विडी मात्र आज सायंकाळींहि विझवितां येते.